परीक्षेत न येणारे प्रश्न

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात दहावीचा निकाल लागला की हुशार लेकराचे पुढे काय करायचे, यावर घरात फार चर्चा होत नाही. लातूरला टाकायचे की नांदेडला, एवढेच ठरायचे असते. मग खोली, मेसचा डबा, क्लासची फी, टेस्ट सिरीज, आणि गरज पडलीच तर रिपीटरचे एक वर्ष. या मुलाला गावात कोणी पुस्तकी किडा म्हणून हिणवत नाही. उलट त्याच्या अभ्यासाच्या वेळी घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना हळू बोलायला सांगितले जाते, नंबर लागला तर चौकात फ्लेक्स लागतो. अमेरिकेत अशाच मुलांना 'नर्ड' म्हणून चिडवत असत. १९८४ साली त्यांनी टवाळखोरांवर उगवलेल्या सुडाचा एक विनोदी सिनेमाही तिथे निघाला. पुढे संगणकाच्या धंद्याने याच मुलांना जगातले सर्वांत श्रीमंत लोक बनवले आणि टोमण्याचे बिरुद झाले. आज पुण्या-मुंबईची मुले स्वतःला हौसेने नर्ड म्हणवतात. मराठवाड्याला या प्रवासाची गरजच पडली नाही, असे वाटू शकते. इथे अभ्यासू पोराला मान होताच. माझे म्हणणे असे आहे की तो मान अभ्यासाला कधीच नव्हता, अभ्यासातून मिळणाऱ्या जागेला होता. एखाद्या विषयाने झपाटलेल्या, कोणी विचारलेले नसताना त्याच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्या नादिष्ट माणसाला आपण पूर्वी वेडा म्हणून बाजूला ठेवत होतो. आता त्याला सोळाव्या वर्षी शर्यतीत उतरवून त्याचा नादच सोडवतो.

खरा नादिष्ट कसा असतो, हे पाहायला परदेशात जायला नको. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. गणितातले पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांना संख्यांचा नाद होता. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. १९९३ घेऊन पाहा: ९९३१ वजा १३९९ म्हणजे ८५३२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हे १९४९ च्या सुमारास एका शाळामास्तराने शोधले. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, आणि अनेक व्यावसायिक गणितज्ञांना ते पोरखेळ वाटले. कापरेकर छोट्या नियतकालिकांत लिहीत राहिले, पदरचे पैसे घालून पुस्तिका छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या लोकप्रिय स्तंभात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. तोवर नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. आज ६१७४ ला जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांच्या आवडीच्या संख्यांचा एक गट होता, त्यांना त्यांनी 'डेम्लो' संख्या म्हटले. सहा एकांची संख्या, म्हणजे १,११,१११, तिचा वर्ग केला की १२३४५६५४३२१ मिळतात: एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि तशीच उतरत येणारी संख्या. नेमकी हीच संख्या, चढ-उताराच्या याच वर्णनासह, नवव्या शतकातल्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात आहे. तो लिहिणारे महावीराचार्य राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातले. राष्ट्रकूटांच्या लेखांत 'कंधारपुरवराधीश्वर' असे बिरुद येते, आणि ते कंधारपूर म्हणजे आपले नांदेड जिल्ह्यातले कंधार, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. ज्या राजवटीने कंधारला तलाव दिला, देवळे दिली, तिच्याच छायेत एक माणूस दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांची माळ गुंफत बसला होता. व्यापाराचे, व्याजाचे, जमिनीच्या मोजणीचे गणित त्याने सांगितलेच. त्याच ग्रंथात निव्वळ आनंदाच्या या संख्याही ठेवल्या. ज्ञानाचा हा प्रकार या मातीला परका नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

नांदेडकरांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. आजच्या हिशेबाने ते संपलेले विद्यार्थी होते. त्याच वर्षांत ते इतिहास, साहित्यशास्त्र, धर्मग्रंथ, संगीत, राजकारण असे मिळेल ते अधाशासारखे वाचत होते. परीक्षेसाठी सोडून बाकी सगळे वाचत होते, असे म्हटले तरी चालेल. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, पुढे पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक आणि प्राचार्य. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांचे जे दीर्घ विवेचन प्रस्तावना म्हणून जोडले आहे, ते कादंबरीइतकेच वाचले गेले. भरताच्या नाट्यशास्त्रावर आणि मनुस्मृतीवर त्यांनी लिहिले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. नादिष्ट माणूस माणूसघाणा असतो, कोपऱ्यात बसून आपल्यापुरते पाहतो, हा आक्षेप कुरुंदकरांपुढे टिकत नाही. त्यांनी आपला सगळा व्यासंग गावोगावच्या सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांपुढे मांडला. शंभर माणसांचे गाव आहे की दहा हजारांचे शहर, हे त्यांनी पाहिले नाही. आज तसा मुलगा कंधारच्या एखाद्या घरात असला, तर अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर क्लासवाले पालकांना बोलावून घेतील आणि अवांतर वाचन बंद करा, असे सांगतील.

इथे लातूर पॅटर्नबद्दल नीट बोलले पाहिजे, कारण त्याच्यावर शहरात बसून टीका करणे फार सोपे आहे. निजामाच्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळा थोड्या होत्या आणि उच्च शिक्षण उर्दूतून होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा भाग मोकळा झाला, पण मुंबई-पुण्याच्या मुलांच्या मागेच राहिला. भाई केशवराव धोंडगे यांनी कंधारला शिक्षणसंस्था काढली, तिच्या नावातच 'मोफत' हा शब्द ठेवला, यावरून इथली गरज किती मूलभूत होती हे कळते. अशा प्रदेशात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्यापाठोपाठ इतरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एक शिस्त उभी केली. सुट्टीतच अभ्यासक्रम सुरू करायचा, तो लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून चूक दाखवायची. शिक्षक सुट्ट्या सोडून राबले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे दिसू लागली, तेव्हा शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, कंडक्टरच्या घरातल्या मुलांना पहिल्यांदा कळले की आपण कुणापेक्षा कमी नाही. एका मोठ्या प्रदेशाचा न्यूनगंड या शिस्तीने घालवला. शेकडो गावांना त्यांचा पहिला डॉक्टर मिळाला. याचे मोल कमी करणारे कोणतेही लिखाण मला अप्रामाणिक वाटते.

पण जी गोष्ट एका पिढीसाठी दार ठरली, तिचीच पुढच्या पिढीसाठी भिंत झाली. सुरुवातीला ही शिस्त बोर्डाच्या परीक्षेसाठी होती, जिथे निदान उत्तर लिहावे लागे, आकृती काढावी लागे, भाषेचे पेपर द्यावे लागत. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा आल्यावर सगळे ७२० गुणांच्या पर्यायी प्रश्नांत आले. प्रश्न वाचायचा, चारपैकी एक गोळा काळा करायचा, पुढे जायचे. पर्याय का चुकीचा आहे यावर दोन दिवस विचार करणारा मुलगा या परीक्षेत मागे पडतो, आणि विज्ञानात नेमका तोच मुलगा लागतो. प्रयोगशाळा नावाला उरल्या. बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी हजेरीपुरते, खरे शिक्षण क्लासमध्ये. नांदेडनेही तीच वाट धरली आणि आता दोन शहरांत चढाओढ आहे. या चढाओढीत कुठेही असे विचारले जात नाही की ज्या मुलाला भौतिकशास्त्र मनापासून आवडते, पण डॉक्टर व्हायचे नाही, त्याने कुठे जावे.

हा बदल एका ठिकाणी डोळ्यांना दिसतो, ते म्हणजे तालुक्याचे ग्रंथालय. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ-ब-क-ड वर्ग पाडून अनुदान सुरू केले, आणि गावोगाव वाचनालये उभी राहिली. अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचा पगार लाजिरवाणा, तरी पुस्तके आली. आज बहुतेक तालुक्यांत गर्दी अभ्यासिकेत असते. लाकडी खण पाडलेली टेबले, प्रत्येकाची ठरलेली खुर्ची, वायफाय, पंखा, रात्री उशिरापर्यंत दिवे. मुले येताना आपापली गाईड आणि प्रश्नसंच घेऊन येतात. शेजारच्या खोलीत कपाटांत पुस्तके असतात, त्यांना कुलूप असते, आणि ते कुलूप काढायला कोणी सांगत नाही. अभ्यासिका वाईट नाहीत. घरात दोन खोल्या आणि सात माणसे असणाऱ्या मुलासाठी ती खुर्ची फार मोठी सोय आहे. पण कपाटातले पुस्तक चाळता चाळता भलत्याच विषयात अडकून पडण्याची शक्यता त्या मांडणीत उरत नाही. नाद लागतो तो असाच, अपघाताने. कुरुंदकरांना कोणी यादी करून दिली नव्हती.

मराठवाड्याचे स्वतःचे काही प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याही प्रवेशपरीक्षेत येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. इथे एवढा मोठा भूकंप का झाला, हा जगभरच्या भूवैज्ञानिकांना पडलेला प्रश्न होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधण घेतले, काळ्या पाषाणाचे शेकडो मीटरचे थर पार करून खालचा मूळ खडक गाठला आणि त्याचे नमुने काढले. आपल्या पायाखाली काय आहे, हे तेव्हा कळू लागले. नंतरच्या तीस वर्षांत या भागातून मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या विज्ञान शाखेत गेल्या. त्यांतल्या किती जणांपुढे कोणी भूगर्भशास्त्र हा विषय ठेवला? नीटच्या अभ्यासक्रमात तो नाही, म्हणून बहुतेकांच्या आयुष्यातही तो आला नाही. पाण्याचेही तसेच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मांजरा-मन्याडच्या टापूत कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा जगत्तुंग तलाव आहे. हजार वर्षांपूर्वी कोणी तरी पावसाचा, उताराचा, बांधाचा विचार करून तो बांधला. त्याचे पाणलोट क्षेत्र किती, गाळ किती साचला, भोवतालच्या विहिरींची पातळी त्याच्याशी कशी जोडलेली आहे, यावर दहा वर्षे सलग नोंदी ठेवणारा एक मुलगा किंवा मुलगी या तालुक्याला हवी आहे. कंधारच्या किल्ल्यात फारसी शिलालेख आहेत, गावात राष्ट्रकूट काळातला संस्कृत शिलालेख मिळाला आहे, एका प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत. या गावाचा इतिहास गावातच वाचू शकेल असा माणूस घडवायला कोणती टेस्ट सिरीज उपयोगी पडेल?

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे. दोन एकर कोरडवाहू आणि बँकेचे कर्ज असलेल्या बापाने लेकराला शिलालेख वाचायला लावायचे का? या आक्षेपात खोट नाही, आणि त्या बापाला किंवा त्या लेकराला दोष देणारा मी कोण. पण हिशेबच करायचा तर पुरा करू. २०२४ साली देशभरातून सुमारे चोवीस लाख मुलांनी नीटला नाव नोंदवले. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे ज्या रस्त्याला आपण पोटापाण्याचा खात्रीचा रस्ता म्हणतो, त्यावरून बहुसंख्य मुले रिकाम्या हाताने परततात. ज्याला विषय आवडू लागला होता, तो परत येतानाही काही घेऊन येतो. तो शिक्षक होतो, तंत्रज्ञ होतो, संशोधनाकडे वळतो, शेतात नवे करून पाहतो. ज्याला फक्त पर्याय ओळखायला शिकवले, त्याच्याकडे निकालानंतर उरते ती अपयशाची लाज. गरिबाच्या मुलाला तर कुतूहलाची जास्त गरज आहे, कारण त्याच्याकडे दुसरी शिदोरी नसते. शिवाय नाद आणि नोकरी यांत वैर आहे, हे कोणी ठरवले? कापरेकर निवृत्त होईपर्यंत मास्तरकी करत राहिले. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी होते. आदिलाबाद भागात काम करताना त्यांनी गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले, आणि फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो. आता मोबाइल आहे, सगळे ज्ञान खिशात आहे, ज्याला शिकायचे तो शिकतो. ग्रंथालय आणि प्रयोगशाळांचे रडगाणे कशाला? यात थोडे तथ्य आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, आणि तिथे कसलाही मोबदला न घेता तालुक्यांवर, नद्यांवर, किल्ल्यांवर माहिती लिहिणारी माणसे आजचे अस्सल नादिष्ट आहेत. पण ती थोडी आहेत. बाकीच्यांसाठी मोबाइल हे पाहण्याचे यंत्र झाले आहे. एखाद्या मालिकेची, खेळाची, परदेशी चित्रकथेची खडानखडा माहिती असणे म्हणजे नर्ड असणे, अशी समजूत शहरांतून आता गावांतही येते आहे. आवड असायला हरकत नाही. मात्र दुसऱ्याने बनवलेले आवडीने पाहत राहणे आणि स्वतः मोजणे, नोंदवणे, पडताळणे, चुकणे, पुन्हा करणे यांत फार अंतर आहे. कापरेकरांना संख्या आवडत होत्या एवढेच नव्हते. ते रोज बसून आकडेमोड करत होते. त्या कामाला शांत वेळ लागतो, समोर बसून चूक दाखवणारा माणूस लागतो, आणि तो मोबाइल देत नाही. संगणकाच्या जगातल्या नादिष्टांनी अफाट सत्ता मिळवल्यावर समाजाकडे कसे पाहिले, हेही आपण पाहतो आहोत. कुरुंदकरांसारखी लोकांत मिसळणारी विद्वत्ता आणि स्वतःला जगापेक्षा शहाणे समजणारी हुशारी यांतला फरक मुलांना वेळीच कळायला हवा, आणि तो सांगायलाही माणूसच लागतो.

मुलींचा प्रश्न वेगळा काढून बोलावा लागतो. लातूर पॅटर्नने मुलींसाठी मोठे काम केले. परगावी राहून शिकायला परवानगी मिळाली ती नंबर लागण्याच्या आशेवर. पण ती परवानगी तेवढ्यापुरतीच असते. मुलगा किल्ल्यावर दिवसभर भटकला, तळ्याकाठी पक्षी पाहत बसला तर छंद म्हणतात. मुलगी बसली तर विचारपूस सुरू होते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात दशकानुदशके एकट्या वाचत बसणाऱ्या दुर्गा भागवतांनी लोकसाहित्यात आणि मानवशास्त्रात जे उभे केले, ते निरुद्देश वाटणाऱ्या त्या बसण्यातून आले. तशी निर्धास्त बसण्याची जागा कंधारच्या मुलीला कुठे आहे? तालुक्याच्या अभ्यासिकेत तिला खुर्ची मिळते, पण हातात परीक्षेचे पुस्तक असेल तरच तिच्या तिथे असण्याला घरात मान्यता असते.

केशवराव धोंडग्यांनी कंधारच्या माळावर गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले, तेव्हा अनेकांना ते विक्षिप्तपणाचे वाटले. जनावरे राखणाऱ्या माणसालाही काही सांगायचे असते, त्याच्याजवळचे ज्ञान व्यासपीठावर बसवण्याच्या लायकीचे असते, ही त्यामागची श्रद्धा होती. १ जानेवारी २०२३ रोजी, शंभरी ओलांडून, ते गेले. त्यांच्या गावात तीच श्रद्धा आता विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवता येईल, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. ग्रंथालयांनी अभ्यासिकेच्या दारालगतची कपाटे उघडी ठेवावीत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ प्रश्नसंचांना बंदी करावी. कंधारच्या महाविद्यालयांनी जगत्तुंग तलावाच्या आणि वीस विहिरींच्या पाणीपातळीची नोंदवही या जूनपासून सुरू करावी, विद्यार्थ्यांच्या हाताने, आणि ती दरवर्षी छापावी. इतिहासाच्या शिक्षकांनी नववीच्या मुलामुलींना किल्ल्यात नेऊन शिलालेखांचे ठसे कसे घेतात ते परवानगी काढून दाखवावे. नांदेडच्या विद्यापीठाने तालुक्यातल्या अशा नोंदींना संशोधनाचा दर्जा द्यावा. क्लास चालवणाऱ्यांनी दोन वर्षांत निदान एकदा मुलांना किल्लारीला न्यावे. आणि आईबापांनो, लेकराने अभ्यासक्रमाबाहेरचा काही प्रश्न विचारला, तर 'हे परीक्षेत येणार आहे का' असे विचारू नका. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा, आणि शनिवारी त्याला ग्रंथालयात घेऊन जा.